मास्तरांचा शनिवार

उल्हासनगर,
दि. २९ ऑगस्ट १९८८

ती. मालिनीताईस,
सुदामचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. कॉलेज सोडून, घर सोडून उल्हासनगरात काय दिवे लावतोस, असं विचारलंस. जीन्सच्या कारखान्यात आहे. कापलेल्या तुकड्यांची बंडलं उचलायची आणि शिलाईच्या मशीनवाल्यांपुढे नेऊन टाकायची. माळ्यावर झोपतो. सेठ सिंधी आहे, तोंडाचा तिखट, पण चहा सगळ्यांना एकाच किटलीतला.

परवा भानगड झाली. शांतवन रणनवरे म्हणून आमचे कटिंग मास्तर आहेत. पन्नाशीचे, मूळ नगरकडचे ख्रिश्चन, अंबरनाथ पूर्वेला राहतात. कापलेल्या थरांवर कमरेचा नंबर खडूने तेच घालतात. तर परवा एका अख्ख्या लॉटला पुढचा भाग तीसचा आणि मागचा बत्तीसचा लागला. सेठ भडकला. मास्तर म्हणाले, बंडलं सुदामकडून बदलली असतील. माझं डोकं सटकलं. मी त्यांच्या नाकावरचा चष्मा ओढून फरशीवर आपटला. एक काच गेली. सगळी मशीनं थांबली. सेठ म्हणाला, आठ दिवसांत दुसरीकडे बघ. बघेन. ज्या माणसाने माझं खोटंच नाव घेतलं त्याच्या हाताखाली मलाही राहायचं नाही.

उमाचं विचारू नकोस. तिच्यामागे लागतो म्हणून मी त्या चिंतामणीला कॉलेजच्या गेटवर बदडला, आणि तीच मला म्हणते की तोंड दाखवू नकोस. तरी रोज तिच्या गल्लीतून जातो. पाय ऐकत नाहीत.

दाजींना नमस्कार. माझ्या वागण्याकडे न बघता लोभ ठेव.

तुझा,
सुदाम


मनमाड,
दि. २ सप्टेंबर १९८८

चि. सुदाम यास,
मालिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हे म्हणाले, तुझा भाऊ म्हणजे आमच्या यार्डातलं इंजिन, गाडी जोडायच्या आधीच शिट्टी. मला हसू आलं नाही. चष्मा फोडून तू खरा ठरलास का रे? उद्या त्या मास्तरांनी कापड काय चाचपून कापायचं?

आणि बाबांचं तू विचारू नकोस म्हणण्याआधीच पान संपवलंस, ते मला कळतं. फेब्रुवारीत तू त्यांना म्हणालास की चौथी शिकलेल्याने मला शिकवू नये. ज्या माणसाने कारखान्यात डबल पाळ्या करून तुझी फी भरली त्याला. आणि त्यांनी तुझे कपडे मांजर्लीच्या अख्ख्या चाळीसमोर अंगणात फेकले, तेही चूकच. सात महिने झाले. आई लिहिते की बाबा तुझ्या पुस्तकांवरची धूळ रोज पुसतात, पण तुझं नाव घेत नाहीत. दोघंही एकाच मातीचे. मधे आईचं पीठ होतंय.

जेवत जा. आमच्या सगळ्यांची माया तुझ्या पाठीशी आहे असं समज.

तुझी ताई,
मालिनी


उल्हासनगर,
दि. ६ सप्टेंबर १९८८

ती. ताईस, सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आज मिळालं, पण आधी शनिवारचं सांगतो, नाहीतर माझी छाती फुटेल.

दुपारी मास्तरांनी मशीनं थांबवायला सांगितली आणि मधोमध उभे राहिले. चष्म्याच्या एका डोळ्याला काचेऐवजी पुठ्ठा. सेठला म्हणाले, त्या लॉटचे उरलेले थर मी परत उघडून पाहिले, बत्तीसच्या थरावर तीस मीच घातलंय, अक्षर माझं आहे. पोराची चूक नव्हती. मी घाबरून त्याच्यावर ढकललं. मग माझ्याकडे वळले आणि हात जोडले. म्हणाले, सुदाम, मला माफ कर.

ताई, बापाच्या वयाचा माणूस. आठ दिवसांची मुदत संपत आली होती, मी जाणारच होतो, गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. आणि चष्म्याचा त्यांनी उच्चारही केला नाही. मी आजवर मोठ्या आवाजाची माणसं पुष्कळ पाहिली, स्वतःचा आवाज इतका खाली आणणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. गयाबाई, बटणं लावते ती, पदराने डोळे पुसत होती. सेठ किटली हातात धरून तसाच उभा. नंतर मला एवढंच म्हणाला, साईं, बंडल उठाओ. म्हणजे नोकरी राहिली.

सुटताना मी विचारलं, मास्तर, का केलंत? म्हणाले, उद्या आमच्या चर्चमध्ये येशूच्या आठवणीने प्रभूची भाकर घ्यायचा रविवार आहे. दर महिन्याचा पहिला. आदल्या दिवशी आठवायचं की आपल्यामुळे कुणाचं मन दुखलंय, आणि त्याच्या दारात जाऊन यायचं. तसं न करता भाकरीला हात लागत नाही. माझ्या आजोबांपासून असंच आहे. हे त्यांनी असं सांगितलं, जसं आपण आंघोळीचं सांगावं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, चष्मा मागून घेतला आणि नवी काच बसवून आणली. माफी मागायची होती, पण माझी जीभ जड आहे, माहीत आहे तुला. त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आता बरा दिसतोस.

तुझ्या मायेवरच चाललंय,
सुदाम


मनमाड,
दि. १२ सप्टेंबर १९८८

चि. सुदाम यास, अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि भाकरी तव्यावर करपली. खरं सांगते, आधी धास्तावले. ते मास्तर तुला त्यांच्यात ओढत तर नाहीत ना? आपल्या बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, ती काही सहज नाही. सरळ विचार आणि मला कळव.

दुसरं, तुझं पत्र मी पाकिटात घालून पुढे पाठवलंय. कुणाला ते विचारू नकोस. रागावलास तरी चालेल, राग तुझ्याकडे काही कमी नाही.

अधूनमधून बहिणीची आठवण राहू दे.

मालिनी


उल्हासनगर,
दि. ७ नोव्हेंबर १९८८

ती. ताईस, सप्रेम जय भीम.

तुझ्या धास्तीचं आधी. मी मास्तरांना सरळ विचारलं, मला तुमच्यात यावं लागेल का? ते हसले. म्हणाले, तुला कुठं यायचं ते नंतर बघ, आधी घरी जा.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी कारखान्यात काय झालं ऐक. गयाबाई आणि काजं करणारी बकुळा दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, नळावरच्या हंड्यावरून. मास्तरांनी एक शब्द सांगितला नव्हता. बकुळाच उठली, गयाबाईच्या पुढ्यात जाऊन बसली, म्हणाली, बाई, हंडा मीच सरकवला होता. गयाबाई म्हणाली, माहीत आहे गं मेले, आणि दोघी रडायला लागल्या. मग सेठ. त्याने धागे कापणाऱ्या द्रौपदीला कात्री गेली म्हणून सगळ्यांसमोर चोर म्हटलं होतं आणि ती कात्री नंतर त्याच्याच गादीखाली निघाली होती. तो उठला आणि सगळ्यांसमोरच तिला हात जोडले. आता आमच्याकडे याला मास्तरांचा शनिवार म्हणतात. हिंदू, आपण, सिंधी, सगळे. कुणी धर्म बदलला नाही. फक्त मशीनं चालताना माणसं एकमेकांकडे बघायला लागलीत.

मीही चिंतामणीकडे गेलो. त्याने चहा पाजला. मग उमाकडे गेलो. ती म्हणाली, माफ केलं, पण आता या गल्लीतून जाऊ नकोस. म्हणून जात नाही. स्टेशनला लांबून जातो. त्या वळणावर पाय अजून तिकडेच वळू बघतात.

राहिले बाबा. परवा शनिवारी अर्धी सुट्टी घेऊन बदलापूरला उतरलो. मांजर्लीपर्यंत काय बोलायचं ते घोकत होतो. दारात आई एकटी. म्हणाली, अरे, ते तुझ्याकडेच गेलेत दुपारच्या गाडीने. माझं ते पत्र, जे तू पुढे पाठवलंस, त्यांनी वाचून खिशात ठेवलं होतं. दोन महिने रोज काढून वाचायचे. आणि बरोबर माझे कपडे नेलेत, तेच फेब्रुवारीतले. तांब्यात निखारे घालून त्यांनी स्वतः इस्त्री केली म्हणे.

मी ओट्यावर बसून राहिलो. दिवे लागायच्या वेळी ते आले, काखेत कपड्यांचं गाठोडं. मला बघून थांबले. मी उठलो, घोकलेलं सगळं विसरलो आणि पायावर डोकं ठेवलं. एवढंच म्हणालो की बाबा, चुकलो. ते खाली बसले. म्हणाले, तुझ्या मास्तरांनी मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की तुमचा मुलगा तुमच्याच वाटेवर आहे. मग म्हणाले, पोरा, माझी चौथी झाली, पण हा धडा मलाही तुझ्याकडूनच कळला. आणि गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

काल भाकरीचा रविवार होता. तो इस्त्रीचा शर्ट घालून मी बाबांना अंबरनाथला घेऊन गेलो, मास्तरांना भेटायला. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना सुरू व्हायची होती. आम्ही आत गेलो नाही, रस्त्यापलीकडे उभे राहिलो. साधीच माणसं, धुतलेले कपडे, लेकरं कडेवर, एकेक आत जात होती. बाबांनी टोपी काढली आणि हळूच म्हणाले, सुदाम, यातला प्रत्येकजण काल कुणाच्या तरी दारात जाऊन आला असेल.

आम्ही तसेच उभे राहिलो, शेवटचा माणूस आत जाईपर्यंत.

जूनमध्ये कॉलेजला परत नाव घालतोय. बाबा सोबत येणार म्हणतात. आहे तो लोभ दोघांवर राहू दे.

तुझा,
सुदाम