नाव तेवढं आपलं

१२ जून २००६
शीतलची डबी आज पेटली! सात महिने लागले. बोटाएवढी डबी, संगणकाला खोचली की वायरीविना इंटरनेट घेते. पण आमच्या संगणकात विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स आहे, त्याला ती ओळखूच येत नव्हती. डबीची कंपनी माहिती देत नाही. पोरीनं डबीची बोली स्वतःच शोधली आणि ती लिनक्सला समजावणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात तो, लिहिला.
सटवाजी भावजी ओट्यावरून — "लग्नाचं वय चाललं, अन् पोरगी डबीत दिवा लावून राहिली!"
हे असते तर भावाला उत्तर दिलं असतं. मी चहा टाकला.

१५ जून
विचारलं, याचे किती भेटतील? हसली. "काहीच न्हाई, आई. जगाला फुकट वाटायचं. वर लिहिणाऱ्याचं नाव ऱ्हातं, तेवढंच आपलं." महिनाभर तपासून मग परदेशात लिनक्स सांभाळणाऱ्या माणसांना पाठवणार आहे.

२ जुलै
प्रज्ञेश पुण्याहून आला, तिथं संगणकाच्या कंपनीत आहे. शीतल संगणकाच्या क्लासवर शिकवायला गेलेली. "आई, तिचं काम बघू दे की." तिच्या कामाची सीडी मी कपाटातून काढून दिली. फुकटच वाटायचं, तर सख्ख्या भावाला काहून न्हाई?

२० जुलै
परदेशातल्या त्या माणसांनी शीतलचा ड्रायव्हर लिनक्समध्ये घेतला. वर नाव प्रज्ञेशचं. तिच्या चुकासुद्धा जागच्या जागी आहेत म्हणे.
त्याला फोन लावला. "तिला नाव काय करायचंय, आई? लग्न झालं की बदलनारच हाय. मला बढती भेटली, ते बघ."

२१ जुलै
"तक्रार कर," म्हटलं. "दादाची नोकरी जाईल." मग — "त्यानं मागितली अन् तू दिलीस, आई."
जेवली नाही.

२४ जुलै
क्लासवरच्या मिनाकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं, त्या माणसांना पाठवलं. मी सांगितलं ते इतकंच — लिहिलं पोरीनं. चोरलं पोरानं. दिलं मी.
मिनाचा हात थांबला. "काकू, प्रज्ञेशदादाचं नाव खरंच घालू?"
घाल म्हटलं. उत्तरासाठी पत्ता शीतलचा दिला. तिला सांगितलं नाही. तिचं नाव लागू दे, मग तिलाच कळेल.

२९ जुलै
प्रज्ञेशचा फोन. त्या माणसांनी त्याला विचारलंय. "तू माझी आई न्हाईस." ठेवला.

२ ऑगस्ट
शीतलला त्या माणसांचं उत्तर आलं. मुलगा म्हणतो माझं, आई म्हणते मुलीचं. ज्याच्या मालकीचा वाद आहे ते आम्ही ठेवत नाही. ड्रायव्हर काढून टाकला आहे. या दोघा भावंडांचंही काम पुढं घेतलं जाणार नाही.
शीतलनं मला सगळं मराठीत वाचून दाखवलं. सावकाश, ओळीओळीला थांबून — मला नीट कळावं म्हणून.