भर पुरात मासा काठाशी असतो

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय नदीतली मासेमारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको "आधी जेवून घ्या" म्हणून दोनदा ओरडली आहे, तो दबाव धरू नये.

१. राहते घर आणि घरातील सर्व सामान बायकोला.

२. शेजारच्या सुताराने अकरा वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून नेलेला माझा रंधा यापुढे त्याचाच समजावा. लाजेकाजेस्तव परत करायला आला, तर घेऊ नये.

३. माझी जुनी होडी, दोन्ही वल्ही आणि फेकायचे जाळे धाकट्या भावाच्या मुलीला, जिला आम्ही पाणकोंबडी म्हणतो. सोबत एक माहिती. नदी चढली, ओढ वाढली की मासा मधल्या धारेत राहत नाही. बुडालेल्या झुडपांमागे, मोठ्या दगडाच्या आडोशाला, जिथे फेस वाहून न जाता गोल फिरतो, तिथे तो काठाशी येऊन थांबतो. म्हणून पाण्यात उतरू नये. कोरड्यावर उभे राहून पायापाशीच जाळे टाकावे.

४. हे मला बावीस वर्षांपूर्वीही माहीत होते. त्या पुरात मी रोज टोपली भरून आणत होतो. भावाने विचारले, "दादा, कुठं लागतोय रे मासा?" मी म्हणालो, "मधल्या धारेत." वडिलांनी नवी होडी त्याला दिली आणि जुनी मला, ही सल होती. वाटले, रिकाम्या हाताने येईल, जरा जिरेल. त्याची होडी पुलाच्या खांबावर फुटली. तो वाचला, पण उजवा हात खांद्यापासून कायमचा निकामी झाला. लोकांनी नदीला बोल लावला. मीही मान डोलावली.

तेव्हापासून जाळ्यातला पहिला मासा मी त्याच्या घरी पाठवतो. तो चारचौघांत सांगतो, "दादा होता म्हणून निभावलं." ते ऐकून घरी आलो की मला जेवण जात नाही.

५. भावाने साक्षीदार म्हणून सही करण्याआधी हे सर्व वाचावे. त्यासाठीच त्याला आज बोलावले आहे. तोंडाने सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्याने सही नाकारल्यास पोस्टमास्तरांची घ्यावी. पाणकोंबडीचा हक्क तसाच राहील. मी चुकलो, आणि फार उशिरा सांगतो आहे.

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: १९ जुलै. नदी काठोकाठ.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १: गावातील डॉक्टर. प्रकृती तपासली, शुद्ध चांगली आहे.

साक्षीदार २: धाकटा भाऊ. सही डाव्या हाताची. सहीखाली त्याच्याच अक्षरात:

वाचलं. मुलीसाठी सही केली. दादा, उद्यापासून मासे पाठवू नकोस.