उंदरांच्या खोलीतली आवराआवर

शाहूपुरी, कोल्हापूर
६ नोव्हेंबर २००५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पुरात शिरोळचं घर पडलं आणि अव्वा तुझ्याकडं गारगोटीला आली. तिथं तिला न्हाणी सापडत नाही, दोनदा रस्त्यावर गेली, म्हणून तुझ्या सासूबाई बाहेरून कुलूप लावा म्हणतात, आईला असं कोंडायचं हे वाचून जीव घाबरला.

कॉलेजात माझं काम पांढऱ्या उंदरांचं दाणापाणी करायचं, पिंजरे धुवायचे. दहावी नापासाला एवढं पुष्कळ. पण अवनी मॅडम अल्झायमरचा अभ्यास करतात. डॉक्टरांनी अव्वाला सांगितला तोच आजार. काही उंदरांना विसर पाडणारं औषध देतात, काहींना नाही. मग दुधाची पूड घालून पांढऱ्या केलेल्या टाकीत सोडतात. पाण्याखाली एक पाट असतो, तो पोहत शोधायचा. शेवटी मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मलाही दाखवले. औषध दिलेल्यांच्या पेशी विरळ, मध्येच ऊस जळालेल्या सरीसारख्या. अव्वाच्या डोक्यात असंच झालंय का, हे सारखं मनात येतं.

परवा माझी चूक झाली. खोली अस्ताव्यस्त दिसते म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर आणि लाल टॉवेल काढला, स्टूल हलवलं. दुसऱ्या दिवशी धडधाकट उंदीरसुद्धा गरगर फिरत राहिले. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, शशिधर, तू खोली आवरलीस आणि माझ्या उंदरांचं गाव बुडवलंस. पाट दिसत नाही, तेव्हा ते भोवतीच्या खुणा बघून जातात म्हणे.

तेव्हापासून वाटतंय, अव्वा सगळंच विसरली, की नुसत्या तिच्या खुणा गेल्या? शिरोळला न्हाणीच्या वाटेवर काय काय होतं, ते आठवून तसं मांडून बघ. मॅडम म्हणाल्या, उंदरावरून माणसाचं सांगता येत नाही, पण करून बघायला काय जातं. तोवर कुलूप नको.

उत्तर धाड. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
शशिधर


गारगोटी
२४ नोव्हेंबर २००५

चि. शशिधर यास,
अनेक आशीर्वाद.

उंदरांवरून आईला उपाय सांगणारा भाऊ साऱ्या भुदरगड तालुक्यात माझाच. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घराची टाकी करतोय व्हय गं तुझा भाऊ? तरी देव्हारा शिरोळसारखा चुलीशेजारी हलवताना पहिला हात त्यांनीच लावला. न्हाणीच्या दाराशी तांब्याची घागर ठेवली, वर अव्वाचं हिरवं इरकल लुगडं टांगलं.

आधी काहीच फरक नव्हता. मी तुला शिव्या घातल्या. मग सोमवारी अव्वा उठली, घागरीवर हात टेकला आणि सरळ न्हाणीत गेली. आता रोज जाते. रस्त्यावर गेली नाही. सासूबाई आता कुलपाचं नाव काढत नाहीत.

पण तुझ्या मॅडमना एक विचार. घागर ओळखणाऱ्या बाईनं मला का ओळखलं नाही? काल जेवताना म्हणाली, तू कुणाची गं? मी तिचंच नाव सांगितलं, शिरोळच्या मल्लव्वाची. तर म्हणते कशी, मल्लव्वा व्हय, लई चांगली बाई, एकटीच असंल, जेवायला बोलव की तिला.

मी दुसरं ताट वाढलं. ते तिनं झाकून ठेवायला लावलं, आणि स्वतः न जेवता मल्लव्वाची वाट बघत बसली.

रजा काढून ये. आमचा जीव तुझ्यात आहे, तुझाही इकडं असू दे.

तुझी अक्का,
दानेश्वरी