शेडचे कपडे

जळगाव
११ जून २०२४

चि. दिपमाला,

आशीर्वाद. हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे. धुळ्यातल्या तुझ्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही आणि फोन तू उचलत नाहीस. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सुट्टी संपून शाळा उघडायच्या गडबडीत असशील. आता तुझ्याकडे कोणता वर्ग आहे? इकडे ऊन अजून हटत नाही. दुपारी बाराला दार लावून घेतो ते पाचला उघडतो. आमचा योगेंद्र नाशिकला असतो. त्याला मार्चमध्ये मुलगी झाली. मी अजून तिला पाहिलेलं नाही, कारण इथून हलता येत नाही.

तुझी कोकिळाकाकू आजारी आहे.

दिवाळीपासून तिला दम लागत होता. आधी जिना चढताना, मग नुसती भाकरी थापताना. छातीत पाणी झालं होतं. टी.बी. समजून चार महिने गोळ्या दिल्या, पण गुण आला नाही. पाणी काढलं की आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा भरायचं. शेवटी इथल्याच एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीतला तुकडा काढून तपासायला पाठवला आहे.

त्या डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला. मी काय काम करत होतो? मी सांगितलं, रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये, पस्तीस वर्षं, शेवटी मिस्त्री म्हणून निवृत्त झालो. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि काकूला विचारलं, "यांचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

काकू म्हणाली, "मीच. दुसरं कोण धुणार?"

मी त्यांना सांगितलं की माझ्यासोबत काम करणाऱ्या एकाला असाच आजार झाला होता. त्याचे जुने कागद मिळाले तर पाहायचे आहेत, असं ते म्हणाले. म्हणून हे पत्र. तुझ्या वडिलांच्या, वनाच्या रिपोर्टांची झेरॉक्स पाठवलीस तर उपकार होतील. पाठवावंसं वाटलं नाही, तरी मी समजून घेईन.

तुझी आई, भिकुबाई वहिनी सोनगीरलाच असतात ना? तब्येत बरी आहे ना त्यांची? खोकला, दम असं काही नाही ना? सहज विचारलं.

तुझे,
जीवराम काका


जळगाव
३ जुलै २०२४

चि. दिपमाला,

तुझं पाकीट मिळालं. कागद तारखेप्रमाणे लावून पाठवलेस. आत चिठ्ठी आहे का म्हणून मी पाकीट दोनदा झटकून पाहिलं. नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे खाली एकच इंग्रजी नाव आहे, मेसोथेलिओमा. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. माझ्या मित्राचा आणि माझ्या बायकोचा आजार एकच निघाला. काकूने आयुष्यात शेडच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. डबा द्यायला आली तरी बाहेर लिंबाखाली उभी राहायची.

तुला आठवत असेल, आपण क्वार्टरमध्ये शेजारी राहायचो तेव्हा वना आणि मी एकदमच घरी यायचो. इंजिनाचा धूर बाहेर नेणारे मोठे पाइप असतात. ते तापतात म्हणून त्यांच्यावर एक जाड पांढरं कापड आणि दोरी गुंडाळलेली असायची. अ‍ॅस्बेस्टॉस. दुरुस्तीला आलेल्या इंजिनावरचं जुनं कापड आम्ही सुरीने कापून, हातोडीने ठोकून काढायचो. पिठाच्या गिरणीसारखं व्हायचं. केस, भुवया, खिसे सगळं पांढरं. आपल्या अंगणात तुझी आई आणि काकू ते कपडे आधी भिंतीवर झटकायच्या, मग दगडावर धुवायच्या. तू चार-पाच वर्षांची होतीस. वना दारात आला की धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारायचीस.

म्हणून मागच्या पत्रात वहिनींच्या खोकल्याचं सहज विचारलं असं लिहिलं, ते सहज नव्हतं. दिपमाला, त्यांना लवकरात लवकर छातीच्या डॉक्टरांकडे ने. आईने अशा कारखान्यातले कपडे तीस वर्षं धुतले, असं डॉक्टरांना आपणहून सांग. ते विचारतीलच असं नाही. तुझीही तपासणी करून घे. माझ्यावरचा राग या कामात आड येऊ देऊ नकोस.

आता ज्यासाठी तू माझं तोंड पाहत नाहीस, ते लिहितो.

वना गेल्यावर त्याचा आजार कामामुळे झाला असा अर्ज तुम्ही केलात. साक्षीदार म्हणून माझंच नाव दिलंत. नोव्हेंबर २०१८ मध्ये मला ऑफिसात बोलावलं. मी लिहून दिलं की वना दिवसाला दोन बंडल बिड्या ओढायचा. त्याच एका वाक्यावर तुमचा अर्ज नामंजूर झाला.

वनाने बिडी कधी ओठाला लावली नाही. चहाच्या सुट्टीत आम्ही ओढायला लागलो की तो आमच्यापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला जाऊन बसायचा. दोन बंडल बिड्या मी ओढायचो.

माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. साहेबांनी दबाव आणला, मी घाबरलो. हे कारण पुरेसं नाही, मला कळतं.

काकूला हे आजवर माहीत नव्हतं. तुमचा अर्ज कागद कमी पडले म्हणून फेटाळला, असं मी तिला सांगितलं होतं. दोन रिपोर्ट घेऊन घरी आलो त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मग तुझ्याबद्दल आपल्या बोलीत म्हणाली, "वनाभाऊनी पोरले खरं लिखा. आनि मंग हाफिसमा जाईसन सांगा."

मी नवीन जबाब लिहून ऑफिसात दिला आहे. वनाचं प्रकरण पुन्हा उघडावं असा अर्जही जोडला आहे. त्यावर तुमच्या घरचीही सही लागते. करायची की नाही ते तू आणि वहिनी ठरवा.

जीवराम


जळगाव
२६ जानेवारी २०२५

चि. दिपमाला,

काकूच्या दहाव्याला तू आणि वहिनी आलात. घरात माणसं होती म्हणून बोलता आलं नाही. वहिनी कोकिळाच्या रिकाम्या पलंगाजवळ जमिनीवर बसून होत्या. जाताना त्यांनी मला विचारलं, "भाऊ, जेवतस ना?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याशी बोलावं, ही अपेक्षा मी केली नव्हती.

त्यांच्या तपासणीत आज काही नाही, हे तू योगेंद्रला फोनवर सांगितलंस ते त्याने मला सांगितलं. दर वर्षी दाखवायचं आहे, ते चुकवू नका. हा आजार तीस-चाळीस वर्षं गप्प बसतो, असं डॉक्टर म्हणाले होते. कोकिळाच्या बाबतीत तसंच झालं. शेवटचे दोन महिने तिला आडवं होता येत नव्हतं. बसून, पुढे उशी घेऊन झोपायची. पण तक्रार नाही. नोव्हेंबरात मी तोंडी जबाबाला निघालो तेव्हा तिने मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला.

त्या जबाबाच्या दिवशी तू ऑफिसच्या व्हरांड्यात मला एक गोष्ट सांगितलीस. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतो.

तू म्हणालीस, तुमचं नाव आम्ही दिलंच नव्हतं, बाबांनी दिलं होतं. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. "जीवराम मिस्त्रीले इचारा, तो बठ्ठं खरं सांगी."

दिपमाला, मागच्या पत्रात मी लिहिलं की साहेबांनी दबाव आणला. ते खरं नाही. त्या दिवशी साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाले, "तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा." एवढंच. मग ते फोनवर बोलायला बाहेर गेले. मी खोलीत एकटा होतो.

मला जे माहीत होतं ते असं. वना जायच्या पंधरा वर्षं आधी एक परिपत्रक आलं होतं. ते पांढरं कापड काढताना आधी पाण्याने भिजवायचं, कोरडं काढायचं नाही, हवेच्या पाइपने उडवायचं नाही. माणसांना वाचून दाखवलं अशी मिस्त्रीने सही करायची. मी सही केली. वाचून दाखवलं नाही. भिजवून काढायचं म्हणजे एका इंजिनाला अर्धा दिवस जास्त, आणि वेळेत इंजिन बाहेर काढणारा मिस्त्री म्हणून माझं नाव होतं. त्याचा मला अभिमान होता.

वनाने एकदा स्वतःहून विचारलं होतं. "मिस्त्री, पानी मारीसन काढूत का? हाई बठ्ठं नाकमा जास."

मी त्याला म्हणालो, "हवा मार, वेळ नाही."

त्याने परत विचारलं नाही. रुमाल तोंडाला बांधला आणि हवा मारली. पुढेही मारत राहिला, मी सांगत होतो तोवर.

वनाचा आजार कामामुळे झाला असं मी लिहिलं असतं, तर पुढचा प्रश्न मला विचारला गेला असता, की हवा मारायला कोणी सांगितलं. म्हणून मी बिडी लिहिली. कोणी जबरदस्ती केली नाही.

नोव्हेंबरात मी हे सगळं नव्या साहेबांना सांगितलं, परिपत्रकावरच्या सहीसकट. त्यांनी विचारलं, "याचा तुम्हाला त्रास होऊ शकतो, माहीत आहे ना?" मी म्हणालो, माहीत आहे. तेव्हा तू बाहेर होतीस, म्हणून तुला वेगळं लिहिणं भाग होतं. तुझ्या वडिलांनी ज्याच्यावर भरवसा टाकला तो माणूस कसा होता, हे तुला दुसऱ्याकडून कळू नये.

परवा तिकडून पत्र आलं, तुलाही आलं असेल. वनाच्या कागदांतून बिडीचं वाक्य काढून टाकलं आहे आणि प्रकरण डॉक्टरांच्या बोर्डाकडे गेलं आहे. बोर्ड काय म्हणेल ते सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात पुनाच्या बायकोसाठी, सुगंधाबाईंसाठी मला जबाब द्यायला जायचं आहे. पुना आमच्याच टोळीत होता, तोही दम लागूनच गेला. आणखी दोन घरांतून विचारणा आली आहे. ज्याला हवं त्याच्यासाठी जाईन.

काल मी ऑफिसात कोकिळासाठी अर्ज मागायला गेलो होतो. कारकून पोरगी भली होती. तिने विचारलं, "आजी कोणत्या विभागात होत्या?" मी म्हणालो, घरी. ती म्हणाली, "मग त्यांच्यासाठी फॉर्म नाही, बाबा." तिने दोन कपाटं उघडून पाहिली, साहेबांना विचारून आली. नाहीच.

मी तिच्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच बाकावर बसून लिहिलं. नाव, कोकिळा जीवराम देवरे. काम, शेडचे कपडे झटकणे व धुणे. मुदत, बत्तीस वर्षे. आजाराचं नाव. मृत्यूची तारीख. साक्षीदाराच्या जागी माझं नाव आणि सही. त्या पोरीने कागद शेवटपर्यंत वाचला. मग तिने आवकचा शिक्का मारला, वर नंबर घातला आणि मला पोच दिली.

त्याची एक झेरॉक्स सोबत जोडली आहे. तुझ्या आईचं नावही असंच कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटलं, तर मी यायला तयार आहे. बोलावलं नाहीस तरी चालेल.

वहिनींना सांग, मी जेवतो.

कोकिळाच्या आणि वनाच्या आजाराला जबाबदार,
जीवराम देवरे