मूव्ह ऑन म्हणजे काय

संगमनेर,
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय संदीप,

जयभीम. इकडे सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे मी आणि बाबा, आणखी आहे कोण? आमच्या भावजयीची, माधुरीची मान दुखत होती, ती आता कशी आहे? माझी अकोले तालुक्यातली शाळा नेहमीसारखी चालू आहे आणि बस नेहमीसारखी उशिरा. झाली ख्यालीखुशाली. आता भांडते.

तुला इंग्रजीत लिहायला कुणी सांगितलं होतं?

आईच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबांनी मोबाईलवर एका बोटानं, अर्धा तास खपून तुला लिहिलं, ‘संदीप चुकलं माझं घरी ये.’ शहात्तर वर्षांचा माणूस. जन्मभर दुधाचा टेम्पो चालवला, कुणापुढे मान वाकवली नाही. आणि तू काय पाठवलंस? ‘आय हॅव मूव्ह्ड ऑन, बाबा. यू शूड टू.’

अरे, हा मूव्ह शब्द मी सातवीच्या पोरांना शिकवते तेव्हा अर्धा फळा भरतो. टेबल सरकवलं तरी मूव्ह, बुद्धिबळात घोडा हलवला तरी मूव्ह, घर बदललं तरी मूव्ह, आणि कुणाचं दुःख बघून आतडं पिळवटलं तरी मूव्हच. मी वाचून दाखवलं तेव्हा बाबांना तर आधी कमरेला चोळायचं मलम आठवलं.

‘जयू, काय म्हणतो गं?’

मी मेथी निवडत होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला होता, जणू तेवढ्यानं इंग्रजी वाचता येणार होतं.

‘पुण्यातच नवीन घरात राहायला गेलोय म्हणतो,’ मी म्हणाले. ‘तुम्हीपण या म्हणतो.’

हो, खोटं सांगितलं. मग खरं कसं सांगायचं होतं, ते तूच सांग! दिवाळीच्या सुट्टीत जाऊ, असं म्हणून वेळ मारून नेणार होते. तेवढ्यात तुला फोन करून समजावणार होते. तो मी केला नाही. का, ते खाली येईलच.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी दोन शर्ट शिवायला टाकले. शेजारच्या लंकाबाईंना सांगून आले, ‘पोरानं बोलवलंय, आता तिकडंच ऱ्हायचं.’ कुंड्यांना पाणी घालायचं काम त्यांच्यावर सोपवलं. मी बघत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते.

नऊ तारखेला मी शाळेत असताना ते पुण्याच्या एसटीत बसले. एकटेच. वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरून त्यांनी तुला चार वेळा फोन लावला. ते मिस्ड कॉल तू पाहिले असशीलच. जवळ पत्ता नाही. रिक्षावाल्यानं विचारलं कुठं जायचं, तर हे म्हणे, ‘पोराच्या नव्या घरी.’ रिक्षावाला निघून गेला. पाचपर्यंत बाकावर बसले आणि परतीच्या गाडीनं आले.

मी दारातच उभी होते. ‘कुठे होतात? किती फोन केले मी!’

पिशवी खाली ठेवून म्हणाले, ‘खरं सांग. त्यानं काय लिवलंय?’

सांगितलं. मागचं सोडून द्यायचं आणि पुढे जायचं.

‘म्होरं?’ ते म्हणाले. ‘मला आता म्होरं कुठं जायचंय?’

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तुझा इतका संताप आला की हे पत्र लिहायला घेतलं. पहिली दोन पानं नुसत्या शिव्या होत्या. ती फाडली, कारण दरवेळी एकाच ठिकाणी पेन अडायचं.

आईला दवाखान्यात नेलं त्या सोमवारी तू कामासाठी बंगळुरूला गेला होतास, तिथून फोन केलास. ‘निघू का?’ म्हणालास. मी म्हणाले, ‘घाई करू नकोस, सलाईन चालू आहे, काम उरकून ये.’ बुधवारी ती गेली. तू पोचलास तेव्हा बाबा सगळ्या आळीसमोर ओरडले, ‘आता कशाला आलास? फोटू काढायला?’ तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघत राहिले. तुला बोलता आलं असतं. बोलला नाहीस. आणि दोन वर्षं मी येईल त्याला सांगत बसले की आमचा संदीप कोरडा झाला.

काल हे बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

‘मग त्या दिशी बोलली का न्हाईस?’

‘भ्याले.’

‘मला?’

‘हो.’

‘त्यानं तुला पाठीशी घातलं,’ ते म्हणाले, ‘आन मी त्याला समद्यांसमोर...’ टॉवेल तोंडाला धरून बसले.

तरीही सांगते, तुझं ते वाक्य वाईटच होतं. बापाला असं लिहितात होय? राग आहे तर राग आहे म्हण. तो आता माझ्यावर काढ, तुला हक्क आहे.

माधुरीकडून पत्ता घेतलाय. तिला बोलू नकोस, मीच गळ घातली. २८ तारखेच्या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं निघतोय. आत घ्यायचं की उंबऱ्यावरून परत पाठवायचं, ते तू ठरव. पण बाबांच्या तोंडावर सांग, आणि मराठीत सांग. या वेळी मधे मी नसेन.

अजून म्हणवत असेल तर,
तुझी ताई
जयमाला