त्याला नाव ठिवू नका

४ नोव्हेंबर
इगतपुरीला हजर झालो. धरणाकाठी मत्स्यबीज केंद्र, मागे दोन खोल्यांचं क्वार्टर, अंगणात सिमेंटची टाकी. हवा अशी की भूक दुप्पट लागते. बायकोची, उज्वलाची, रत्नागिरीहून इकडे बदली व्हायचीय, तोवर सात वर्षांची लेक वैष्णवी माझ्याकडे. दिवाळीची सुट्टी, पोरगी दिवसभर टाकीपाशी. केंद्रावरचे लोक मात्र नमस्कार केला तरी तोंड फिरवतात. फिरवू देत, मी काही सोयरीक जमवायला आलेलो नाही.

७ नोव्हेंबर
लहानूबाबा या म्हाताऱ्या मच्छीमाराच्या जाळ्यात आज हातभर लांब काहीतरी आलं. वाम माशासारखं अंग, खवले नाहीत, डोळे नाहीत, तोंड गोल. आणि वास समुद्राचा! रत्नागिरीत जन्म गेला माझा, तो वास मला कोणी शिकवायला नको. पण घाटावरच्या गोड्या पाण्यात? बाबा ते परत सोडत होते, मी हिसकावूनच घेतलं आणि टाकीत ठेवलं. ते चिडून म्हणाले, "सायेब, त्याला नाव ठिवू नका. आमी नाय ठिवत." मी म्हटलं, नावं ठेवायला ते काय माझे व्याही आहेत? कोणी हसलं नाही.

९ नोव्हेंबर
ओळख पटत नाही. पुस्तकं चाळून झाली, कॉलेजच्या सरांना फोटो पाठवून झाला. नोंदवहीत 'स्थानिक नाव' भरल्याशिवाय नमुना पुढे जात नाही आणि गावात विचारायला गेलो तर धडाधड दारं लागतात. वैतागलो. वैष्णवी म्हणाली, माझं नाव दे ना पप्पा. दिलं लिहून! दोघं पोट धरधरून हसलो.

११ नोव्हेंबर
वैष्णवीला जेवायला हाक मारली. ती समोर पायरीवर बसली होती, वळलीसुद्धा नाही. ओ आली ती टाकीतून.
माझे कान वाजले असतील. टाकीचं पाणी चाखलं. खारट आहे.

१२ नोव्हेंबर
लहानूबाबांनी उंबऱ्याशी येऊ दिलं नाही. अंगणातूनच घडलेलं सांगितलं, तसे ते आतून ओरडले. "बारसं केलं ना तुमी त्याचं? आता नाव त्याचं. पोरीकडं नाय ऱ्हात ते."
'नावं' नव्हे, 'नाव'. एका टिंबाचा घोटाळा, आणि मी विनोद करत बसलो.
घरी येऊन वैष्णवीला नाव विचारलं. तिला आठवत नाही. मला भीती वाटते.

१३ नोव्हेंबर
मारायला काठी उचलली. टाकीतून "पप्पा" म्हणालं. तिच्याच आवाजात. हात खाली आला.
तिला दुसरं नाव ठेवलं, भाग्यश्री. दिवसभर हाका मारल्या. ती बघतच नाही—

१४ नोव्हेंबर, दुपार
त्याला डोळे आलेत. डाव्या डोळ्यात तीळ, तिच्यासारखा—
ती डोळे मिटून बसलीय. उघड म्हणतो तर— पापण्यांखाली सपाट—
नोंदवहीचं पान फाडलं. जाळलं. काही उपयोग—
उज्वलाचा फोन. लेकीला दे म्हणते. टाकीतून "आई"— उज्वला हसतेय, किती गोड बोलतेस गं म्हणते— आणि ही माझ्याशेजारी, तिलाही काही सांगायचंय, तोंड उघडतेय, तोंड गोल—