रामघाटावरचं गंध

सुदामा नगर, इंदूर
रविवार, २२ ऑक्टोबर २०००

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आई आणि मी ठीक आहोत. तुमची प्रकृती मी गेल्या रविवारी पाहिली, म्हणून विचारत नाही.

आधी झालं तेवढं लिहिते.

१. १५ तारखेला मी कारखान्यातल्या लोकांबरोबर उज्जैनला गेले होते. महाकालाचं दर्शन करून आम्ही रामघाटावर आलो.
२. तिथे छत्रीखाली बसलेल्या एका माणसाकडून मी गंध लावून घेतलं.
३. तो माणूस म्हणजे तुम्ही.
४. तुम्ही मला ओळखलं नाही, किंवा ओळखूनही काही बोलला नाहीत.
५. मी ताटलीत दोन रुपये ठेवले आणि उठले.

हे पत्र उदयसिंह आणून देईल. तो माझ्याबरोबर पीथमपूरला कामाला आहे, दिवाळीला उज्जैनला घरी जातोय. तुम्ही माझे कोण, हे त्याला माहीत नाही.

"देवासला काम बघून येतो" म्हणून तुम्ही गेलात, त्याला सात वर्षं झाली. मी तेव्हा अकरावीत होते. आता मीही रंगाचंच काम करते. तुम्ही मिलच्या रंगखात्यात कापडाची शेड जुळवायचात, मी स्कूटरच्या पत्र्यांची तपासते. आमच्याकडे त्याला मशीन आहे.

आता मुद्द्याचं. चैत्रात काकूकडे हळदीकुंकू होतं. काकू करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत आली आणि आईसमोर तिचा हात थांबला. मनात वाईट काही नव्हतं. लावावं की पुढे जावं, हेच तिला कळेना. आई म्हणाली, "अगं, इतका विचार तर मुलगी देतानासुद्धा करत नाहीत," आणि करंड्यातलं कुंकू स्वतःच घेऊन लावलं. बायका हसल्या.

ते श्रीकृष्णकाकांच्या कानावर गेलं. माघात त्यांच्या जयेशचं लग्न आहे. आईला सवाष्णींत बसवायचं की नाही, हा प्रश्न तिथेही येणार. काका घरी आले. "वहिनी, माणूस आहे तर आहे, नाही तर नाही. हे असं लटकलेलं बरं नाही. कोर्टसुद्धा सात सालनंतर मानतं ना." बरोबर आलेले गुरुजी म्हणाले, शास्त्रात बारा वर्षं वाट पाहायला सांगितलं आहे. काका म्हणाले, "गुरुजी, बाकीच्या पाच सालचं बघून घ्या ना यार. मुहूर्त निघालाय."

गुरुजींनी बघून घेतलं. १९ नोव्हेंबरला, उज्जैनलाच, सिद्धवटावर, पळसाच्या पानांचा पुतळा करून तुमचा अंत्यविधी होईल. मग आईचं कुंकू पुसतील.

तेव्हा आई भांडली. "मला कुंकू बारशाला माझ्या आजीनं लावलं. तेव्हा तुमचे दादा कुठे होते?" काका म्हणाले, "वहिनी, मी रीत बनवली नाही." मी आईच्या बाजूनं बोलले. कुंकू मुलीच्या कपाळावर लग्नाआधीपासून असतं. जे नवऱ्यानं दिलं नाही, ते त्याच्याबरोबर जायचं कारण नाही. माझं मत आजही तेच आहे.

वरच्या चौथ्या मुद्द्यातलं "किंवा" खोडायला हवं. तुम्ही डावा हात माझ्या डोक्यामागे धरलात आणि मग अंगठ्यानं उभं गंध ओढलंत. लहानपणी मी मान हलवायचे, म्हणून तुम्ही तसं धरायचात. उठल्यावर मी वरच्या पायरीवर थांबून पाहिलं. नंतर आलेल्या कुणाचंही डोकं तुम्ही धरलं नाहीत. "सिर सीधा रखो भैया," एवढंच म्हणत होतात.

मीही तुम्हाला लांबूनच ओळखलं होतं. त्याच छत्रीशी येऊन बसले ती म्हणूनच. घाटावर सगळ्यांच्या कपाळांवर काही ना काही होतं. तुमचं कपाळ कोरडं होतं. मिल बंद पडल्यावर तुम्ही गंध लावणं सोडलंत, ते तसंच राहिलेलं दिसतं.

मी "बाबा" अशी हाक मारली नाही. का, ते मला नीट लिहिता येत नाही.

गंध मी पुसलं नाही. घरी आले तेव्हा आई पोळ्या करत होती. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. तुमच्या अंगठ्याची रेघ वर जाताना किंचित डावीकडे वळते. तिनं गॅस बंद केला.

"कुठे लावलंस?"

"रामघाटावर."

तव्यावरची पोळी तशीच राहिली. मग तिनं विचारलं, "ऊन फार असतं ना गं तिथे? लावणाऱ्याला छत्री आहे?"

"आहे."

"धड आहे?"

"एका बाजूनं फाटलीय."

"काकांना काही सांगू नकोस," ती म्हणाली. "ज्याचं त्याला सांगू दे."

तेव्हापासून ती काकांशी वाद घालत नाही. सकाळी आंघोळ झाल्यावर नेहमीसारखं कुंकू लावते. १९ तारखेला सिद्धवटावर येईन म्हणते, आणि पुसायला सांगितलं तर पुसू देईन म्हणते. पहिल्यांदा मला वाटलं, ती थकली. तसं नाही. तुम्ही नसतात तर तिनं ते कुणाला पुसू दिलं नसतं. तुम्ही असून गप्प राहिलात, तर तिला ते नको आहे.

सिद्धवट तुमच्या घाटापासून फार लांब नाही.

परत या, असं मी लिहीत नाही. ते तुमचं आणि आईचं आहे. तुम्ही आहात, एवढं तुमच्या हातानं लिहा. माझ्या नावानं नको, आईच्या नावानं. कोरा कागद सोबत ठेवला आहे. शनिवार, ११ नोव्हेंबरला उदयसिंह पुन्हा घाटावर येईल. त्या दिवसापर्यंत उत्तर लिहून त्याच्याकडे द्यावं.

आपली,
मंजिरी दिवाकर बर्वे